वर्गात आलेली अळी



लाखांदूर तालुक्यात पावसाळा उतरला की किडे शोधण्यासाठी कोठे जावे लागत नाही. मृगाच्या सरींनंतर लाल मखमलीसारखा मृगाचा किडा बांधावर दिसू लागतो आणि पुढे धान निसवू लागले की रात्री दिव्याभोवती हिरव्या तुडतुड्यांची झुंबड उडते. इतकी सामग्री दारात असताना पहिली-दुसरीच्या मुलांना कीटक केवळ भिंतीवरील तक्त्यात दाखविला जावा, हे काहीसे विचित्रच म्हणावयाचे.

आरंभ पाय मोजण्यापासून करावा. सहा पाय असतील तो कीटक. मृगाच्या किड्याचे पाय मोजले की आठ भरतात. नावात किडा असला तरी त्याचे गोत्र कोळ्याचे, हे मूल स्वतः शोधून काढते व सहसा विसरत नाही. अळीपाशी मात्र मुलांची फसगत होते. तिचे पुढचे सहा पाय तेवढे खरे. मागचे मांसल पाय धरून राहण्यापुरते असतात. लिंबाच्या पानावरील अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि तिला काडी लावली की डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र दर्प सोडते. अशी एक अळी ताज्या पानांसह बरणीत ठेवून तोंडाला फडके बांधले, की कोष व फुलपाखरू हा पुढचा धडा ती स्वतःच शिकविते.

अळी म्हणजे केवळ शत्रू, ही समजूत या भागात तरी टिकू नये. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर उघड्यावर कोसा अळ्या वाढवून टसर रेशीम काढण्याचा उद्योग भंडारा-गडचिरोलीतील ढिवर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासला आहे. रिकामा कोसा हाताळावयास मिळाला, तर मुलांना घरच्या व्यवसायाचेही मोल कळते.

याच कोवळ्या वयात शत्रू व मित्र यांची ओळख व्हावयास हवी. धानाच्या पानाच्या शेंड्याजवळ तपकिरी केसांनी झाकलेला अंडीपुंज दिसला, तर तो खोडकिड्याचा. पऱ्ह्यांचे शेंडे खुडून रोवणी करावी, असे सांगितले जाते ते याचसाठी. परंतु त्याच बांधीत वावरणारे कोळी, चतुर, टाचण्या व ढालकिडे शेतकऱ्याचे काम करीत असतात आणि सरसकट फवारणीत तेही मरतात. शिवाय फवारणारा माणूसही सुरक्षित नसतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. किडा ओळखल्यावाचून औषधाचा डबा उघडू नये, ही सवय मोठेपणी लावणे कठीण जाते.

पंचायत सदस्यांचा संबंध येतो तो डासांशी. भंडारा जिल्हा हत्तीरोगप्रवण आहे. हा रोग पसरविणारा क्युलेक्स डास घाण, साचलेल्या पाण्यात वाढतो. गावातील हापशीमागच्या डबक्यातील पाणी शिक्षकांनी काचेच्या बरणीत आणून दाखवावे. त्यात डोके खाली करून लोंबणाऱ्या अळ्या शेपटाकडील नळीने श्वास घेताना दिसतात. ऊबदार दिवसांत सुमारे आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी ठेवण्याचा नियम या हिशेबावर बेतलेला आहे. तो पत्रकात छापण्यापेक्षा दुसरीतल्या मुलाने घरी जाऊन सांगितला, तर अधिक पाळला जातो. आणि मूल जेव्हा विचारते की हे डबके कोणाचे, तेव्हा उत्तर शाळेने द्यावयाचे की ग्रामपंचायतीने, हेही एकदा ठरवून टाकलेले बरे.

काही पथ्ये मात्र सांभाळावी लागतात. दगड उलथणे शिक्षकांच्या हातूनच व्हावे, कारण खाली विंचू किंवा घोण असू शकते. गांधीलमाशीच्या पोळ्यापासून दूर राहावे. मुलांनी हात साबणाने धुवावेत. फुलपाखरू बाहेर पडले की त्याच दिवशी सोडून द्यावे. डासांच्या बरणीचे फडके मात्र सैल राहू देऊ नये आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती नालीत न ओतता उन्हात, कोरड्या मातीवर रिती करावी.