आकड्याच्या शेजारी काय ठेवायचे?

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत सादर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही सभासदांनी मिळून हे भाषण तयार केले आहे. आमच्यापैकी कोणी बँकेत नोकरी केली, कोणी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवले, तर कोणी कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात होते. सगळ्यांचे आयुष्य आकड्यांत गेले. विषय कळल्यावर कार्यकारिणीतल्या एका वहिनी म्हणाल्या, "गणपतीत आकडे? अहो, लोक आरतीपर्यंत थांबतील तरी का?" त्यांची शंका रास्त आहे. म्हणून आधीच सांगतो, आम्ही इथे गणित शिकवायला आलेलो नाही. आकडा समजला तर माणूस वेळेवर योग्य निर्णय घेतो आणि नाही समजला तर आकडा हातात असूनही अडकतो, एवढेच सांगायचे आहे. बडोद्याने गेल्या काही वर्षांत याचा अनुभव घेतला आहे.

सुरुवात आपल्या रावपुऱ्यातूनच करू. १८९६ साली बांधलेला चिमणाबाई टॉवर आपण सगळे लहानपणापासून पाहत आलो आहोत. रस्त्यावरून जाणारा माणूस मान वर करतो आणि 'दहा मिनिटे आहेत अजून' असे म्हणून पावले आवरतो किंवा उचलतो. त्याला नेमकी वेळ वाचायचीही गरज पडत नाही. काटा कुठे आहे आणि कुठे पोचायचा आहे, यांतले अंतर त्याला दिसते. आकड्याचे चित्र करायचे म्हणजे हेच करायचे. आत्ता किती आहे ते दाखवायचे आणि त्याच्या शेजारी, आपल्याला ज्याच्याशी कर्तव्य आहे ती खूण दाखवायची. ती खूण नसेल तर आकडा एकटा पडतो आणि ऐकणारा 'बरं' म्हणून पुढे जातो.

ही गोष्ट ज्यांना फार चांगली कळली होती, अशा एका माणसाचा आपल्या शहराशी संबंध आहे. दादाभाई नौरोजी १८७४ साली बडोदे संस्थानाचे दिवाण होते. त्यांची इथली कारकीर्द अल्प ठरली, पण त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. सरकारचेच पीकपाण्याचे तक्ते घेऊन त्यांनी हिशोब मांडला. दरडोई वार्षिक उत्पन्न आले साधारण २० रुपये. आता २० रुपये कमी की जास्त, हे विलायतेतल्या वाचकाला कसे कळावे? त्याने 'तिकडे स्वस्ताई असते' असे म्हणून विषय मिटवला असता. दादाभाईंनी त्या आकड्याच्या शेजारी दुसरा सरकारी आकडाच आणून ठेवला. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार वर्षाला किती खर्च करते, तो. अनेक प्रांतांत कैद्यावरचा खर्च मोकळ्या माणसाच्या वाट्याला येणाऱ्या उत्पन्नापेक्षा जास्त निघाला. गुन्हा न केलेल्या माणसाला कैद्याएवढेही मिळत नाही, हे सांगायला मग विशेषणांची गरज उरली नाही.

दुसरे उदाहरण नामदार गोखल्यांचे, आणि त्यात तर बडोदेच साक्षीदार आहे. महाराज सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ पासून ते सगळ्या संस्थानात लागू केले. १९११ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ब्रिटिश मुलखात शंभरातले दोनही लोक शाळेत नाहीत, आकडा १.९ टक्के, एवढेच सांगून ते थांबले असते तर सरकारपक्षाचे उत्तर तयार होते. देश मोठा आहे, लोक गरीब आहेत, वेळ लागेल. गोखल्यांनी शेजारी बडोद्याचा आकडा ठेवला, ८.६ टक्के. तीच माणसे, तीच गरिबी, तेच हवापाणी आणि चौपटीहून अधिक मुले शाळेत. 'जमणारच नाही' हे उत्तर देण्याची सोयच राहिली नाही. विधेयक १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले, हेही खरे. आकडा नीट मांडला की मत मिळतेच असे नाही. पण नकार देणाऱ्याला खरे कारण लपवणे अवघड जाते आणि ऐकणाऱ्या जनतेला ते दिसते.

आता आकड्यांकडून चित्रांकडे येऊ. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन साहेबांना ग्रंथालये उभारायला बोलावले, हे आपल्याला माहीत आहे. त्या ग्रंथालय खात्यात चित्रांतून शिक्षण देण्याची एक वेगळी शाखा होती, हे मात्र आपण विसरत चाललो आहोत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नच्या काचा आणि पुढे सिनेमाची यंत्रे घेऊन तिची माणसे खेड्यापाड्यांत जात. लिहिलेले पोचत नसेल तर दाखवावे, ही समज या शहरात शंभर वर्षांपूर्वीची आहे.

दाखवल्याने काय होते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण लंडनचे आहे. १८५४ साली तिथल्या सोहो भागात कॉलऱ्याने ६०० हून अधिक माणसे गेली. तेव्हा बहुतेकांचे मत असे की रोग घाण हवेतून येतो. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची यादी घेतली आणि ज्या ज्या घरात मृत्यू झाला तिथे नकाशावर एकेक काळी रेघ मारली. त्याच नकाशावर पाण्याचे पंपही दाखवले. रेघांची गर्दी एका पंपाभोवती होती. शेजारच्या मद्याच्या कारखान्यातले कामगार मात्र वाचले होते. चौकशी केल्यावर कळले की ते त्या पंपाचे पाणी पीतच नसत. यादी तीच, नावे तीच. पत्त्यांशेजारी पंप आला आणि तिचा अर्थ दिसू लागला.

मंडळी, इतके मागे जाऊन हे सांगण्याचे कारण आपल्या दाराशी आहे. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरचा पूर आपण कोणी विसरलेलो नाही. २०२४ मध्ये तर पूर ओसरल्यावर आठवड्याभरातच गणपती आले. कित्येकांनी ओल्या भिंतींच्या घरात मूर्ती बसवली. त्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर तासातासाला आकडे येत होते. विश्वामित्री इतके फूट, आजवा इतके फूट. कोणी लपवालपवी केलेली नव्हती. आकडे होते, वेळेवर होते. तरी रात्री दोन वाजता समा, कारेलीबाग, अकोटा इथल्या घरांतून रावपुऱ्यातल्या नातेवाइकांना फोन येत होते, तेव्हा प्रश्न एकच असे, "काका, आमच्याकडे पाणी येईल का हो?" त्या आकड्यांतून नेमके तेवढेच कळत नव्हते.

का कळत नव्हते, ते पाहू. पहिले म्हणजे दोन्ही आकडे फुटांत असले तरी त्यांचे शून्य वेगवेगळे आहे. आजव्याचे २१३-२१४ फूट म्हणजे तळ्यात तेवढे खोल पाणी नव्हे. नदीची पातळी काळाघोड्याजवळच्या पुलावर मोजतात, तिचा शून्य निराळा. त्यामुळे दोन आकडे एका ओळीत आले की माणूस गोंधळतो. आमच्या ओळखीच्या एका आजोबांनी २१४ मधून नदीचे फूट वजा करून 'अजून पुष्कळ अवकाश आहे' असा निष्कर्ष काढला होता. आजोबांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. दोन आकडे शेजारी छापले की माणूस त्यांची तुलना करणारच.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. नदीची धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांच्या आसपास धरतात आणि २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेले. पण 'धोका' हा सगळ्या शहराचा मिळून. आपल्या घराचा धोका वेगळ्या फुटावर सुरू होतो. नदीकाठच्या वस्तीत तो लवकर येतो, उंचावरच्या घराला येतही नाही. आपल्या फाटकाचा आकडा कोणता, हे कोणत्याही संदेशात नव्हते, आणि ते येणे शक्यही नाही. तो आपणच शोधायचा असतो.

गंमत अशी की आपल्या घरातल्या बायकामाणसांनी हा शोध कधीच लावला आहे. त्या रात्री फोनवर एक मावशी सांगत होत्या, "पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीला लागलंय, तिसरी बुडाली की देवघर वर नेते." यात माप आहे, मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर काय करायचे तेही ठरलेले आहे. कुठल्याही तज्ज्ञाने आखलेल्या तक्त्याला हे जमले तर तो धन्य. मावशींच्या वाक्यात उणीव एकाच गोष्टीची होती. दुसरी पायरी बुडाली तेव्हा काळाघोड्याला नदी किती फूट होती, हे त्यांनी लिहून ठेवलेले नव्हते. ते लिहिलेले असते तर पुढच्या वेळी पाणी पायरीला लागण्याची वाट पाहावी लागली नसती. नदी चढत असतानाच देवघर, औषधे, कागदपत्रे आणि आजी वरच्या मजल्यावर गेली असती.

पावसाच्या आकड्याचेही तसेच. २०१९ च्या त्या चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. 'पाचशे मिलिमीटर' ऐकून डोळ्यांपुढे काही येत नाही. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपली गच्ची हजार चौरस फुटांची असेल तर ती झाली सुमारे ९३ चौरस मीटर. त्या एका गच्चीवर त्या दिवशी साडेसेहेचाळीस हजार लिटर पाणी पडले. पाचशे लिटरच्या नव्वदहून अधिक टाक्या एका दिवसात एकाच गच्चीवर रिकाम्या केल्या, असे समजा. आता आपल्या गच्चीचा पन्हळ किती इंचाचा आहे आणि त्यात पाने अडकली आहेत का, हे बघायला कोणीही सांगावे लागणार नाही.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. शेजारी काय ठेवायचे हे आपल्या हातात असते, म्हणून फसवणेही सोपे असते. समजा, मंडळाची वर्गणी ९५ हजारांवरून १ लाखावर गेली. आलेखाचा तळ शून्यावर ठेवला तर दोन खांब जवळजवळ सारखे दिसतील. तळ ९४ हजारांवर ठेवला तर दुसरा खांब पहिल्याच्या सहापट उंच दिसेल. आकडा एकही खोटा नाही, चित्र मात्र खोटे. भीती दाखवणाऱ्याला आणि शाबासकी मिळवणाऱ्याला, दोघांनाही ही युक्ती ठाऊक असते. म्हणून कुठलाही आलेख समोर आला की आधी त्याचा तळ कुठे आहे ते पाहावे. मग ही तुलना कोणाशी केली आहे आणि कोणाला वगळले आहे, हे विचारावे. पुराच्या काळात फिरणाऱ्या चित्रांना आणि संदेशांना तर हे प्रश्न जरूर विचारावेत.

आता आमची विनंती. आमच्यापैकी काहींच्या सोसायटीत फाटकाच्या खांबावर रंगाने दोन रेघा मारल्या आहेत. पाणी २०१९ ला कुठपर्यंत आले आणि २०२४ ला कुठपर्यंत, हे त्या दाखवतात. प्रत्येक रेघेशेजारी त्या वेळची नदीची पातळी लिहिली आहे. खर्च झाला तो एका छोट्या डब्याचा. हे काम प्रत्येक सखल भागातल्या सभासदाने करावे. पुराच्या रात्री मोबाईलवर काढलेले फोटो अजून असतील. त्यावर वेळ असते. त्या वेळेची नदीची पातळी जुन्या संदेशांत किंवा वर्तमानपत्रांत सापडते. दोन्ही जोडले की आपल्या फाटकाचा आकडा मिळतो. नदी प्रत्येक वेळी सारखीच वागते असे नाही. पाऊस कुठे पडला, गटारे तुंबली का, यावर फरक पडतो. म्हणून मिळालेल्या आकड्यातून दोन-तीन फूट वजा करून आपली 'उठण्याची खूण' ठरवावी.

ही माहिती एका कागदावर हवी आणि ती आजी-आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत हवी. नदी इतके फूट झाली की गाडी उंचावर न्यायची, इतके झाली की गॅस, वीज आणि सामान बघायचे, इतके झाली की माणसांनी वर जायचे. पुढे मदतीला कोण येणार, त्याचे नाव आणि फोन. तीन आकडे आणि तीन कामे, बस. कागद फ्रीजवर किंवा देवघराच्या भिंतीला लावावा.

ज्यांची घरे रावपुऱ्यात, दांडिया बाजारात उंचावर आहेत, त्यांनीही एक काम करावे. आपली लेक, भाऊ, विहीण किंवा जुने शेजारी नदीच्या बाजूला राहत असतील तर त्यांचा आकडा आपल्या घरीही लिहून ठेवावा. मग रात्री दोन वाजता त्यांच्या फोनची वाट न पाहता संध्याकाळीच आपण फोन कराल आणि म्हणाल, "तुमची खूण जवळ आली आहे, इकडे या, जेवायलाच या."

मंडळाच्या कार्यालयात उत्सवाचे दहाही दिवस एक वही ठेवली आहे. आपल्या भागातल्या पाण्याच्या खुणा तिच्यात लिहाव्यात. वही भरली की आम्ही त्यांचा नकाशा करून मंडळात लावू.

विघ्नहर्त्यासमोर उभे राहून आपण संकट टळो असे मागतो. आपल्या वाट्याचे काम एका कागदाचे आहे, तेवढे या उत्सवातच करून टाकू.

गणपती बाप्पा मोरया!