कोठ्याचे दुखणे आणि झाडपाल्याचे औषध

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी सांगितले होते की, यंदा प्रत्येकीने आपल्या अनुभवातले काहीतरी सांगायचे. मी विषयाचे नाव सांगितले तेव्हा त्या हसल्याच. म्हणाल्या, "अहो, हळदीकुंकवाच्या ताटापुढे हा विषय?" मी म्हटले, गुडघेदुखीवर आपण तासभर बोलतो, सुनांवर दोन तास बोलतो, मग सकाळी शौचास साफ होत नाही यावर पंधरा मिनिटे बोलायला काय हरकत आहे? इथे बसलेल्या कितीतरी जणींच्या कपाटात कसले ना कसले चूर्ण असेल. माझ्याही होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सांगते ते थोडे भोगलेले, थोडे डॉक्टरांना विचारलेले आणि थोडे वाचलेले आहे.

माझे सासर याच तालुक्यातल्या एका खेड्यात. २००० साली लग्न होऊन गेले तेव्हा घरात संडास नव्हता. पहाटे अंधारात जायचे, नाहीतर दिवस मावळल्यावर. दिवसा कळ आली तर दाबून धरायची. कापूस वेचायला गेले तरी तेच. मग मी काय करू लागले, तर दुपारनंतर पाणीच पीत नसे, म्हणजे प्रश्नच नको. आपल्याकडचा वैशाखाचा उन्हाळा आणि पोटात तांब्याभर पाणी! कळ पुन्हा पुन्हा मारली की आतडे ती इशारत द्यायचेच कमी करते, आणि आतला मळ जितका वेळ राहील तितके त्यातले पाणी शोषले जाऊन तो खड्यासारखा कोरडा होतो, हे मला फार उशिरा कळले. त्या वेळी मी फक्त कण्हत होते. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली नाही, आईला सांगितली नाही आणि नवऱ्याला सांगण्याचा तर विचारही केला नाही. बायकांचे निम्मे दुखणे या न सांगण्यात आहे.

दुसऱ्या बाळंतपणात अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना मलावरोध होतो. (म्हणून गोळ्या बंद करू नका बरे, डॉक्टरांना सांगा, ते गोळी किंवा वेळ बदलून देतात.) शेजारच्या काकूंनी एक चूर्ण दिले. रात्री अर्धा चमचा कोमट पाण्याबरोबर. सकाळी काय सांगू, सोने झाले! काकूंच्या पाया पडावेसे वाटले.

पुढे आम्ही खामगावला राहायला आलो, घरात संडास आला, पण चूर्ण सुटले नाही. अर्ध्याचा एक चमचा झाला, एकाचे दोन झाले. अशी सात वर्षे गेली. पोटात पिळवटून येई, पोटऱ्यांत गोळे येत, जिना चढताना पाय गळून जात. शेवटी एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासले तर पोटॅशियम नावाचा क्षार कमी झालेला. "औषध कोणते घेता?" मी म्हटले, "औषध काही नाही, साधा झाडपाला आहे." त्यांनी डबी मागवली आणि पाठीमागची बारीक अक्षरे मला वाचायला लावली. पहिलेच नाव सोनामुखी.

आता ही सोनामुखी काय करते ते ऐका, कारण मला ते कळले तेव्हा फार नवल वाटले. तिच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाचे द्रव्य असते. ते जठरातून आणि लहान आतड्यातून जसेच्या तसे पुढे जाते. मोठ्या आतड्यात पोहोचले की तिथले जंतू त्याला फोडतात, जसे विरजण दुधाचे रूप पालटते तसे, आणि मग ते जागे होते. आतड्याला चाबूक मारल्यासारखी हालचाल सुरू होते आणि पाणी आत शोषले जात नाही. म्हणून रात्री घेतले की सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी गुण येतो. औषध खोटे नाही. जगाच्या आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही सेना, म्हणजे आपली सोनामुखीच, आहे. पण ते चार-आठ दिवसांचे औषध. मी त्याचे रोजचे जेवण केले.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितले, ते मी आजवर विसरले नाही. चाबकाने सारा कोठा एकदम रिकामा झाला की तो पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी होत नाही, कारण आत काही नसतेच! आपण घाबरतो आणि पुन्हा चमचा घेतो. रोज एकदा झालेच पाहिजे हाही आपला हट्ट. कोणाला दिवसातून तीनदा, कोणाला आठवड्यातून तीनदा. मऊ आणि विनात्रास होत असेल तर दोन्ही ठीकच.

सोनामुखीची भावंडे आपल्या ओळखीची आहेत. उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडणारा बाहवा, त्याच्या शेंगेतला काळा मगज याच जातीचा. पहिल्या पावसात उकिरड्यावर उगवणारा तरोटा त्याच कुळातला. कोवळ्या तरोट्याची भाजी वर्षातून चार वेळा खाल्ली तर पोटाला हलकी वाटते, तिला मी नावे ठेवणार नाही.

एरंडेलाची तऱ्हा निराळी. ते लहान आतड्यात पचू लागले की त्यातून रिसिनोलेइक नावाचे आम्ल सुटते. ते आतड्याच्या स्नायूंवर नेमके कुठे जाऊन बसते हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली शोधून काढले, आणि गर्भाशयाच्या स्नायूंवरही ते तसेच काम करते असे दिसले. आपल्या आज्या एरंडेल देत आल्या, त्याचे कारण इतक्या उशिरा उमगले. म्हणून गरोदर सुनेला "पोट साफ होईल" म्हणून आपल्या मनाने एरंडेल देऊ नका. आणि बांधावरच्या एरंडाच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. तेल औषध असले तरी बी विष आहे. मोगली एरंडाच्या बियाही तशाच वाईट.

मग रोजचे काय? चाबूक नको, भार हवा. धान्याचा कोंडा, भाजीचा चोथा आतड्यात पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ व जड करतो, मग आतडे आपोआप त्याला पुढे ढकलते. मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम तरी चोथा हवा. १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम असतो, पांढऱ्या तांदळात ३ च्या आत, मैद्यातही तेवढाच. माहेरी आम्ही दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी खाल्ली. मग शिवारात सोयाबीन आले, ज्वारी गेली, आणि भाकरी आठवड्यातून एकदाची झाली. शेगावी महाराजांना पिठले-भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य दाखवतो आणि घरी येऊन मैद्याची बिस्किटे खातो! मात्र गव्हाला उगीच दोष देऊ नये. न चाळलेल्या कणकेत ज्वारीइतकाच चोथा असतो. पोळ्या पांढऱ्या दिसाव्यात म्हणून आपण चाळणीने कोंडा काढतो आणि गाईपुढे ठेवतो. गाईचे पोट उत्तम असते ते काही उगीच नाही.

इसबगोलाचे साल हे त्याच भाराचे औषध. भिजले की फुगून बुळबुळीत होते. पण ते पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचे आणि वर आणखी पाणी. माझ्या सासूबाईंनी एकदा घोटभर दुधात घेतले, ते घशाशीच फुगले, आणि आमची जी धावपळ झाली ती देव जाणे. मनुका आणि सुके अंजीर भिजवून खावे. पेरू बियांसकट खावा.

माझे चूर्ण सुटायला तीन महिने लागले. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चमचा हळूहळू कमी केला, पाणी वाढवले, भाकरी परत आणली, आणि सकाळी चहानंतर दहा मिनिटे, कोणी हाक मारली तरी उठायचे नाही असा नेम केला. सर्वांत कठीण गेला तो हा नेम. सकाळी दहा मिनिटे बाईची स्वतःची असतात हे घरच्यांना पटायला वेळ लागला.

मात्र रक्त पडत असेल, वजन उतरत असेल, पोट फुगून उलट्या होत असतील, किंवा पन्नाशीनंतर नव्यानेच हे सुरू झाले असेल, तर जवस-इसबगोल बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लाजून घरी बसू नका.

भाषणानंतर जवसाच्या चटणीचे प्रमाण पुष्कळ जणींनी विचारले, म्हणून इथे देते. वाटीभर जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे. सहा सुक्या मिरच्या, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, चमचाभर जिरे वेगळे भाजून घ्यावे. गार झाल्यावर मीठ घालून जाडसर कुटावे. दर माणशी एक चमचा, भाकरीबरोबर, आणि वर पाणी भरपूर. आठवड्यापुरतीच करावी, जास्त ठेवली तर खवट होते.