पाहुणे कवी आणि रात्रीचे साडेअकरा



संमेलनाध्यक्षाच्या हाती माईक एकदाच येतो, पुढे नुसते हारतुरे. म्हणून आजच बोलून घेतो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि तेव्हापासून जो तो व्यासपीठावरून हत्तरसंग-कुडलचं नाव घेतो. शके 940चा मराठी शिलालेख! भीमा-सीनेच्या संगमावरचं ते देऊळ आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. नाव घेणाऱ्यांपैकी तिथे पाऊल किती जणांनी ठेवलंय? आनंद कुंभारांनी या जिल्ह्यातले शिलालेख वाचण्यात उमेदीची वर्षं घालवली. त्यांत मराठी सापडले तसे कन्नडही सापडले. आणि घरात कन्नड बोलतात म्हणून 1967 साली महाजन आयोगाने अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरची गावं कर्नाटकाला द्यायची शिफारस केली! ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेला अख्खं सोलापूर बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चालतं, त्यांची वचनं कन्नडच आहेत. मग त्या मिरवणुकीतल्या मराठी माणसाला काय सीमेपलीकडे धाडायचं?

माझी अम्मा शहराच्या पूर्व भागातली. मागाजवळ कांड्या भरताना ती तेलुगूत बोले, शेजारच्या लिंगायत आज्जींशी कन्नडात, भाजीवाल्या चाचांशी दखनीत. मला मारायची मात्र मराठीत, कारण तक्रार मराठी शाळेतून आलेली असे. नवरात्रात बतकम्मा खेळणारी ही बाई आषाढात गजानन महाराजांच्या पालखीतल्या वारकऱ्यांना पाणी द्यायला धावायची. खानेसुमारीवाल्याने मातृभाषा विचारली तेव्हा तिने आधी त्याला चहा विचारला. त्याने कागदावर काय लिहिलं, ते तिने कधी पाहिलं नाही.

तिच्या मुलाला आपल्याच मंडळींनी काय दिलं? शाबासकी! एका संमेलनात माझी ओळख करून देताना, मी मराठी किती छान शिकलो याचं कौतुक झालं. अहो, चार-पाच दिवसांआड येणारं याच गावचं नळाचं पाणी पिऊन मी वाढलो, मराठी शिकायला कुठे परगावी गेलो नव्हतो!

आणि मंडळाच्या कविसंमेलनाची ती कार्यक्रमपत्रिका. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो. तेलुगू-कन्नड घरांतल्या, पण मराठीत लिहिणाऱ्या कवींचा ‘पाहुणे कवी’ असा वेगळा गट, वेळ रात्री साडेअकरा. आम्ही पहिली ओळ म्हणायचो आणि मंडपवाला सतरंज्या गुंडाळायला घ्यायचा. दरवर्षी हेच. महाजन आयोगाने केला नसेल एवढा अन्याय त्या पत्रिकेने केला; आयोगाचा अहवाल निदान दिवसाउजेडी वाचता तरी येत होता! आमचे स्वागताध्यक्ष तेव्हा कार्यकारिणीत होते, पण पत्रिका ठरली त्या दिवशी ते आजारी होते, असं मी धरून चालतो. बाकीचे निरोगी होते. त्यांतले काही आत्ता मंडपाबाहेर चहा घेत उभे आहेत, मंडळाच्याच खर्चाने. कर्णा त्यांच्याच दिशेला आहे, बरं झालं.

तर अध्यक्ष या नात्याने उद्याच्या कविसंमेलनाचा क्रम मी बदलला आहे. सकाळी दहाला पहिली कविता तेलुगू, मग कन्नड, मग दखनी, मग मराठी. मध्ये कुणी भाषांतर करायला उठायचं नाही. ज्या ज्येष्ठांची वेळ त्यामुळे पुढे जाईल त्यांनी रागावू नये. साडेअकराला त्यांची कविता ऐकायला मी स्वतः सतरंजीवर बसून राहीन.