चूल कोणाची, नाव कोणाचे?

(८ मार्चच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी स्वयंपाकावर बोलणार आहे म्हटल्यावर काहीजणी हसल्या. ते साहजिकच आहे. इतकी वर्षे आपण चुलीतून बाहेर पडायच्या गोष्टी करतोय, आणि आज पुन्हा चूलच? पण एक प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. घरात स्वयंपाक हे बाईचे काम. ते तिला जन्मतःच येते, आवडते, असे गृहीत धरलेले. मग त्याच कामाला पगार, पांढरा कोट आणि मान मिळू लागला की तिथे पुरुष कसा येतो? भाषेकडेच बघा ना. लग्नाच्या पंगतीचा तो ‘आचारी’. मोठ्या हॉटेलातला तो ‘शेफ’. आणि बाई? ‘पोळ्या लाटायला येते ती’. तिला नावही नाही.

या प्रश्नाच्या मागे लागले तेव्हा मला एक बाई भेटली. फ्रान्समधली, युजेनी ब्राझिए. तिची हकीगत आज तुम्हाला सांगायची आहे.

युजेनीचा जन्म १८९५ सालचा, पूर्व फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातला. अगदी लहानपणापासून डुकरे आणि गाई राखायच्या. शाळा हिवाळ्यात, शेतावर काम नसेल तेव्हा. दहा वर्षांची असताना आई गेली, आणि मग दुसऱ्यांच्या शेतावर राबणे सुरू झाले. हे वाचताना मला परके वाटले नाही. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचे बालपण असेच गेले आहे.

एकोणिसाव्या वर्षी, १९१४ साली, तिला मुलगा झाला. लग्न झालेले नव्हते. बापाने घराबाहेर काढले. मुलाला दुसऱ्यांकडे सांभाळायला ठेवून ती लियों शहरात एका श्रीमंत घरी कामाला लागली. आधी पोरे सांभाळणे आणि पडेल ते काम, मग हळूहळू स्वयंपाक. पुस्तक नाही, शाळा नाही. माहीतगारांना विचारायचे, करून बघायचे, बिघडले तर पुन्हा करायचे.

लियोंमध्ये तेव्हा ‘मेर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बायका होत्या. मेर म्हणजे आई. बड्या घरांत स्वयंपाकीण म्हणून राबलेल्या कित्येक बायकांनी पुढे स्वतःच्या खानावळी काढल्या होत्या. मोजकेच पदार्थ, पण असे की लोकांनी लांबून यावे. त्यांतली सर्वांत नावाजलेली मेर फियू. युजेनी तिच्याकडे कामाला लागली. फियूबाईंचा एक पदार्थ फार प्रसिद्ध होता. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी काळी, सुगंधी अळंबी. तिच्या चकत्या कोंबडीच्या कातडीखाली सरकवायच्या आणि कोंबडी सावकाश शिजवायची. वरून काळे-पांढरे दिसते, म्हणून नाव ‘अर्ध्या दुखवट्यातली कोंबडी’. ती युजेनीने उचलली, आणि पुढे तीच तिची ओळख ठरली.

तिथून निघून काही काळ दुसरीकडे नोकरी केली, आणि १९२१ साली, सव्वीस वर्षांची असताना, तिने लियोंच्या र्यू रोयाल या रस्त्यावर किराणा मालाचे एक छोटे दुकान घेतले. तिथे स्वतःचे रेस्टॉरंट थाटले. खुर्च्या फक्त पंधरा. शहराचे महापौर एदुआर एरिओ तिचे नेहमीचे गिऱ्हाईक झाले. कामाच्या रगाड्याने तब्येत ढासळली, तेव्हा विश्रांतीसाठी ती शहराबाहेरच्या कोल द ला ल्युएर या डोंगरावर गेली. तिथे तिचे लाकडी खोपट होते. गॅस नाही, वीज नाही. विश्रांती कसली, तिथेही चूल पेटली आणि लोक डोंगर चढून जेवायला येऊ लागले!

१९३३ साली मिशेलिन गाइडने तिच्या दोन्ही ठिकाणांना प्रत्येकी तीन तारे दिले. तीन तारे म्हणजे त्या गाइडचा सर्वोच्च मान. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी जगातली पहिली व्यक्ती ही बाई होती. पहिली ‘स्त्री’ असे मी म्हणत नाही. पहिली व्यक्ती.

आता यातली गंमत ऐका. ज्या वर्षी तिला सहा तारे मिळाले, त्या वर्षी तिला मताचा अधिकार नव्हता. फ्रान्समधल्या बायकांना तो १९४४ साली मिळाला आणि त्यांनी पहिले मतदान १९४५ साली केले. दुसरी गोष्ट त्याहून बोलकी. विवाहित बाईने नोकरी-धंदा करायला नवरा कायद्याने हरकत घेऊ शकत असे, आणि ही तरतूद १९६५ पर्यंत टिकली. युजेनीने लग्न केलेच नाही. म्हणजे जिला ‘पाप’ केले म्हणून घराबाहेर काढले, तिलाच स्वतःच्या नावाने धंदा करताना कोणाची परवानगी मागावी लागली नाही. घरंदाज ठरलेल्या तिच्या विवाहित बहिणींना ती मोकळीक नव्हती. इज्जत कशाला म्हणतात आणि तिची किंमत कोण मोजते, याचा विचार यावर तुम्हीच करा.

तिचे कामावरचे प्रेम कसे होते? लाडिक नव्हते. माल स्वतः निवडायची, कोंबडीत जरा खोट दिसली तर परत पाठवायची. शिस्त कडक, जीभ तिखट. पाककलेच्या जगात पुढे दैवत झालेला पॉल बोक्यूझ दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्याकडे उमेदवारी करत होता. त्याला गाईंच्या धारा काढाव्या लागल्या, भाज्यांची बाग बघावी लागली, कपडे धुवावे लागले. घरातली बाई जे सगळे न बोलता करते, तेच तिने या पोराला शिक्षणाचा भाग म्हणून करायला लावले.

ती १९७७ साली वारली. आणि १९९८ साली काय झाले? अलँ द्युकास या शेफला सहा तारे मिळाले, तेव्हा अनेक वर्तमानपत्रांनी लिहिले की असा मान मिळवणारा हा पहिलाच. पासष्ट वर्षांपूर्वीची युजेनी त्यांच्या स्मरणातच नव्हती. फ्रान्समध्ये १९५१ नंतर तीन ताऱ्यांपर्यंत पोचलेली पुढची स्त्री आन-सोफी पिक, ती थेट २००७ साली. मधल्या छप्पन्न वर्षांत बायकांच्या हाताची चव गेली होती का? चव होती तिथेच होती. फक्त भांडवल, मालकी आणि नाव दुसरीकडे होते.

आपल्याकडचेही आठवून बघा. मुंबईच्या गिरणगावात हजारो एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायच्या, वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असायच्या. त्यांना कोणी उद्योजक म्हटले नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात त्यांना एकत्र केले, राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. हात तेच, आमटीही तीच. पण कर्ज स्वतःच्या नावावर आल्यावर बाईचे घरातले आणि बाहेरचे स्थान बदलू लागले.

म्हणून मला एवढेच म्हणायचे आहे. ‘बायकांना स्वयंपाकाची आवडच असते’ असे कोणी म्हणाले की आपण चिडतो, आणि चिडायलाच हवे. सक्तीला आवडीचे नाव देणे ही फसवणूक आहे. पण त्या रागात एक गोष्ट हातून निसटू नये. जिला खरोखर आवड आहे, तिची आवड ही कमीपणाची गोष्ट नाही. तिने चूल सोडावी असा आपला आग्रह नको. नको असेल तर ती सोडता यावी, आणि हवी असेल तर तिचे दाम, तिची मालकी आणि तिचे नाव तिला मिळावे, हा आग्रह हवा.

उद्यापासून एक साधे काम करू या. आपल्या वस्तीत डबे देणारी, पोळ्या करून विकणारी, लग्नाच्या ऑर्डरी घेणारी जी बाई असेल, तिला तीन प्रश्न विचारू या. दुकानाचा परवाना कोणाच्या नावावर आहे? बँकेचे खाते कोण चालवते? आणि बाहेर पाटी लावली, तर तिच्यावर कोणाचे नाव असेल? मिळालेली उत्तरे घेऊन पुढच्या बैठकीला या. पुढचे काम तिथूनच ठरवू.