‘समजलं का?’ – ‘हो सर!’
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



गणित शिकवून झालं की सर विचारायचे, “समजलं का?” आपण सगळे एका सुरात “होऽ सर” म्हणायचो. निम्म्यांना काहीही समजलेलं नसायचं. मी त्या निम्म्यांतलाच. पण हात वर करून “नाही” म्हणायची हिंमत नव्हती. आज त्या “हो”बद्दल बोलायचं आहे. नोकरीत तो फार महाग पडला, आणि किंमत मोजली दुसऱ्यानं.

शाळा सुटल्यावर मी खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात लागलो. रोज कळंबहून नेरळ आणि तिथून लोकलनं कर्जतमार्गे खोपोली. टाइम ऑफिसात हजेरीपट आणि अपघाताचं रजिस्टर माझ्याकडे असायचं. गेटवर एक फलक होता, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. तो आकडा वाढत राहिला की वरचे साहेब खूश.

एक दिवस ठेकेदाराकडचा एक मुलगा शिडीवरून पडला. आपल्याच भागातल्या वाडीवरचा. मनगट मोडलं. कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. मी रजिस्टर उघडलं तेवढ्यात साहेब म्हणाले, “लिहू नका. घरी पडला म्हणून सांगा.” मी म्हणालो, “हो साहेब.” मुलगाही “हो” म्हणाला.

आता यात काय बिघडलं, ते सांगतो. ईएसआय म्हणजे राज्य कामगार विमा. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचे आज 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. ठेकेदाराच्या माणसालाही हा विमा असतो. माणूस आजारी पडला किंवा घरी पडला, तर रोजाच्या 70 टक्के मिळतात, तेही वर्षात जास्तीत जास्त 91 दिवस. त्यासाठी आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. कामावर इजा झाली, तर मात्र बरं होईपर्यंत 90 टक्के. तिथे नोकरीचा पहिला दिवस असला तरी चालतो. अवयव कायमचा अधू झाला, तर अधूपणाच्या प्रमाणात पुढेही पैसे मिळत राहतात.

हे मला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं. त्या मुलाला माहीत नव्हतं. ‘घरी’ या एका शब्दामुळे त्याला औषधोपचार मिळाले, पण हातात एक रुपया आला नाही.

महिन्याभरानं त्याची आई गेटवर आली. म्हणाली, “भाऊ, पोरगा कामावरच पडला ना?” मला मान वर करता आली नाही.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेलो. पाय लटपटत होते. म्हटलं, “साहेब, ते लिहायला हवं होतं.” साहेब रागावले नाहीत. म्हणाले, “मग तेव्हाच का नाही बोललात?” यावर मी काय बोलणार? अपघाताचा अहवाल उशिरा गेला, चौकशी झाली, पैसे मिळाले. पण मधले चार महिने त्या घरानं उधारीवर काढले.

म्हणून आपल्या मुलांना एवढं सांगा. पगाराच्या चिठ्ठीत कपात दिसते का ते बघा, विमा क्रमांक मागून घ्या. कामावर लागलं, तर डॉक्टरला कामावरच लागलं म्हणून सांगा. ज्यांचा पगार जास्त आहे, त्यांना कंपनीचा मेडिक्लेम असतो. नोकरी सुटली की साधारण तोही सुटतो. म्हणून तब्येत ठीक आहे तोवर स्वतःची पॉलिसी घ्या. एजंटला कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. साखर असेल, बीपी असेल, तर स्वतः लिहा. जुन्या आजारासाठी आता जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. लपवलेला आजार मात्र नेमका दवाखान्यात असताना आडवा येतो. पॉलिसी हातात आल्यावर वाचायला आणि पटली नाही तर परत करायला 30 दिवस असतात.

आणि आपल्यातले जे आज साहेब झाले आहेत, त्यांना एक विनंती. समोरचा “हो साहेब” म्हणाला की काम झालं असं समजू नका. त्याला काय समजलं ते त्याच्याच तोंडून ऐका.

सर, त्या दिवशीचं गणित मला खरंच समजलं नव्हतं. आज सांगतोय, उशिरा का होईना.