कपाटाची किल्ली

जबलपुरात १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ कमानिया गेट उभे आहे. तेथील सराफ्यात हिणकस सोने कोणी फेकीत नाही. आटवून पुन्हा कसास लावतात. श्रोतेहो, वेदनाशामक औषधांच्या कपाटाची किल्ली सांभाळणारी परिचारिकाच त्यांच्या आहारी गेली, तर? नोंदवहीतून नाव खोडणे सोपे. पण त्या धास्तीने ती व्यसन लपविते आणि धोका रुग्णाला पोहोचतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने १९८३ च्या सुमारास निराळी वाट धरली: उपचार, अवचित मूत्रतपासणी, काही काळ किल्ली दुसऱ्याकडे, अटी पाळल्यास नोंदणी कायम. आपल्याकडे २०२३ च्या परिचर्या आयोग कायद्यात नीती व नोंदणी मंडळाची तरतूद आहे. त्याने असे नियम अवश्य करावेत. किल्ली परत केव्हा द्यावयाची, हे मात्र कचेरीने नव्हे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी सांगावे.