कच्चं मडकं
(शतकपूर्ती सोहळ्यातील भाषण)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. नांदेड-लातूरकडच्या आपल्या गावांतून आजा चालला, बाप चालला, आता आपण चालतोय. कौतुक पुष्कळ झालं. आम्ही चालक मंडळी आज आमची एक चूक सांगायला उभे आहोत.

काही वर्षांमागं बार्शीच्या अलीकडच्या मुक्कामावरून एक जुने टाळकरी रागानं गावी परतले. कारण एवढंच, की त्यांची पहिल्या ओळीतली जागा एका तरण्या पोराला दिली होती. आम्ही म्हणालो, "वारकऱ्याला एवढा अहंकार बरा नव्हे." विषय तिथंच मिटवला. त्यांची मंडळी त्याच साली वारली होती, घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं, हे आम्हाला दिवाळीनंतर कळलं. त्या ओळीत लोक त्यांना नावानं हाक मारायचे. तेवढीच जागा उरली होती, ती आम्ही न विचारता काढून घेतली.

तेव्हा तेरची कथा आठवली. तेर आपल्या लातूरच्या शेजारचं, धाराशिव जिल्ह्यातलं. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी मडक्यासारखी थापटून पाहिली. बाकीचे शांत बसले, नामदेवराय मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं.

कीर्तनात आपण इथं हसतो. पण तो राग कशाचा होता? डोक्याला लागलं म्हणून नव्हे. देवाशी एवढी सलगी असून संतांनी आपल्याला आपल्यात धरलं नाही, हे मनाला लागलं. राग वर दिसतो; खाली "मला आपलं म्हणा" एवढंच मागणं असतं. ते सांगता येत नाही, म्हणून माणूस जागेवरून, पंगतीवरून, वीणेवरून भांडतो.

नामदेवराय गाऱ्हाणं घेऊन विठ्ठलाकडे गेले. देवानं झिडकारलं नाही, खोटी स्तुतीही केली नाही. ऐकून घेतलं आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे पाठवलं. दुखावलेला माणूस गुरूच्या दारी पोहोचला. त्याच नामदेवरायांची पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत, आणि आपल्या नांदेडच्या हजूर साहिबात त्या ग्रंथापुढं माथा टेकला जातो.

राग तोच. ऐकणारा भेटला तर माणूस औंढ्याला जातो, नाही भेटला तर दिंडी सोडून घरी.

आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान पोरालाही माऊली म्हणतो. जुन्यांनी ही रीत उगाच घातली नाही. पण पाया पडून आपण लगेच पुढं सरकतो. समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं राहून जातं.

आम्ही त्या टाळकरीबुवांच्या घरी गेलो, चुकलं म्हणालो. त्यांनी चहा केला. जागेचं काही बोलले नाहीत. पुढच्या आषाढीला आले आणि आपणहून तिसऱ्या ओळीत उभे राहिले.

म्हणून यंदापासून ठरवलंय. रोज हरिपाठानंतर चोपदार विचारतील, "आज कोण गप्प होतं?" त्या माणसाशेजारी दुसऱ्या दिवशी आपल्यातला एक जण चालेल. उपदेश करायचा नाही, नुसतं ऐकायचं.

राम कृष्ण हरी!